विज्ञानाच्या तासाला छोटे व्हिडिओ : शिक्षकांचे वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सहावी ते दहावीला विज्ञान शिकवणारे शिक्षक प्रशिक्षणात, व्हॉट्सअॅप ग्रुपवर आणि स्टाफरूममध्ये जे प्रश्न पुन्हा पुन्हा विचारतात, ते इथे एकत्र केले आहेत. उत्तरं लिहिताना मराठी माध्यमाचा, चाळीस-पन्नास मुलांचा वर्ग डोळ्यांसमोर आहे. काही उत्तरं लांब झाली आहेत, कारण वर्गात नेमकं काय करायचं हे तपशिलात सांगितल्याशिवाय त्यांचा उपयोग नाही.

व्हिडिओ लावला की वर्ग शांत होतो, मुलं टक लावून पाहतात. म्हणजे ती शिकतायत, असंच ना?

तसं गृहीत धरू नका. डेरेक मुलर यांनी सिडनी विद्यापीठात पीएचडीसाठी नेमका हाच प्रश्न घेतला होता. त्यांचा प्रबंध २००८ सालचा; पुढे विज्ञानाचे व्हिडिओ करणारे म्हणून ते जगभर ओळखले जाऊ लागले. भौतिकशास्त्राच्या विद्यार्थ्यांना त्यांनी न्यूटनच्या नियमांवरचे व्हिडिओ दाखवले. एका गटाला सरळ, नेटकं, बिनचूक स्पष्टीकरण. दुसऱ्या गटाला एक संवाद : त्यात एक विद्यार्थी आपला चुकीचा समज बोलून दाखवतो आणि दुसरा प्रश्न विचारत विचारत त्याला योग्य कल्पनेपर्यंत आणतो. पहिला गट म्हणाला, सगळं स्पष्ट होतं, छान समजलं. पण चाचणीत त्यांचे गुण जेमतेम हलले. दुसऱ्या गटाला व्हिडिओ गोंधळात टाकणारा वाटला, डोकं जास्त चालवावं लागलं, आणि त्यांचेच गुण चांगले वाढले.

हे असं का होतं, ते आपल्या वर्गात रोज दिसतं. वर फेकलेल्या चेंडूवर हातातून सुटल्यानंतरही हाताचा जोर शिल्लक असतो, असं बहुतेक मुलांना मनातून वाटतं. अशा मुलाला 'चेंडूवर फक्त गुरुत्वीय बल कार्य करतं' हे वाक्य ऐकवलं, तर ते मान डोलावतं, परीक्षेत लिहितंही. पण मनातला चेंडू अजून हाताच्याच जोरावर वर जात असतो. त्याला स्वतःचा समज आधी तोंडातून बाहेर काढायला लावला, तरच व्हिडिओतलं दृश्य त्याच्याशी भांडू शकतं.

मग व्हिडिओ लावण्याआधी काय करायचं?

अंदाज घ्यायचा, आणि तो फळ्यावर लिहायचा.

उदाहरणादाखल अपोलो १५ ची चित्रफीत घ्या. २ ऑगस्ट १९७१ रोजी चंद्रावर उभ्या असलेल्या डेव्हिड स्कॉट या अंतराळवीराने एका हातात हातोडी आणि दुसऱ्या हातात ससाण्याचं पीस धरून दोन्ही एकाच वेळी सोडली. हातोडी १.३२ किलोची, पीस साधारण ३० ग्रॅमचं. हा प्रसंग मिनिटाभराचाच आहे.

स्कॉटच्या हातात दोन्ही वस्तू दिसल्या की व्हिडिओ थांबवा. फळ्यावर चार रकाने आखा : हातोडी आधी, पीस आधी, दोन्ही एकदम, दोन्ही तरंगतील. प्रत्येक मुलाने हात वर करायचाच. आकडे लिहा आणि मग प्रत्येक रकान्यातल्या एकाला उभं करून विचारा, 'कशावरून?' दहावीच्या वर्गातसुद्धा 'दोन्ही तरंगतील' या रकान्यात बरेच हात येतात, कारण चंद्रावर हवा नाही म्हणजे गुरुत्वाकर्षणही नाही, असा पक्का समज असतो. 'मग स्कॉट स्वतः का तरंगत नाही?' हा प्रश्न तुम्ही विचारायची गरज पडत नाही. वर्गातलंच कोणीतरी विचारतं. या वादाला पाच-सात मिनिटं द्या, अगदी बिनधास्त द्या. त्यानंतर प्ले दाबलं की दोन्ही वस्तू एकदम खाली पडतात आणि वर्गात जो गलका होतो, तो होऊ द्या.

एवढ्याशा व्हिडिओतून आणखी काही काढता येतं का?

मोजमाप काढता येतं, आणि माझ्या मते छोट्या व्हिडिओचा हा सगळ्यात दुर्लक्षित उपयोग आहे. हीच चित्रफीत घ्या. हातोडी जमिनीपासून साधारण १.६ मीटर उंचीवरून पडते. यूट्यूबवर वेग ०.२५ वर ठेवा, म्हणजे पडायला लागणारा वेळ चौपट होईल. मुलांनी मोबाइलच्या स्टॉपवॉचवर तो मोजायचा आणि चारने भागायचा. वेग कमी का करायचा, हेही त्यांनाच विचारा : बटण दाबायला आपल्याला जो क्षणभर उशीर होतो, तो दीड सेकंदाच्या पडण्यात फार मोठा ठरतो, साडेपाच सेकंदांत त्याचा वाटा कमी होतो.

हळू केलेल्या चित्रफितीत ५.६ सेकंद मिळाले, तर खरा वेळ १.४ सेकंद. उंचीची दुप्पट भागिले वेळेचा वर्ग, म्हणजे ३.२ भागिले १.९६. उत्तर १.६३ मीटर प्रति सेकंद वर्ग येतं. पृथ्वीवरच्या ९.८ ला सहाने भागून पाहा. एखाद्या गटाला १.४ मिळेल, एखाद्याला १.९. सगळी उत्तरं फळ्यावर मांडा, सरासरी काढा आणि फरक कशामुळे पडला यावर बोला. 'चंद्राचं गुरुत्वाकर्षण पृथ्वीच्या एक षष्ठांश' हे वाक्य पुस्तकात छापलेलं असतं. इथे मुलांनी ते बाकावर बसून स्वतः मोजलेलं असतं.

नव्या संशोधनावरचे व्हिडिओ कसे निवडायचे?

एकच कसोटी लावते : काय सापडलं एवढंच सांगणारा व्हिडिओ बाजूला ठेवायचा आणि ते कशावरून कळलं हे दाखवणारा घ्यायचा. 'शास्त्रज्ञांनी शोधून काढलं की' असं म्हणून निकाल हातात देणारे व्हिडिओ ढिगाने आहेत. त्यांनी मुलांच्या माहितीत भर पडते, संशोधन म्हणजे काय ते कळत नाही. व्हिडिओत तो भाग नसेल, तर तो तुम्हाला वर्गात भरून काढावा लागतो.

लोणारचं उदाहरण आपल्या मुलांना फार जवळचं आहे. जून २०२० मध्ये बुलडाणा जिल्ह्यातल्या या सरोवराचं पाणी गुलाबी झालं आणि त्याच्या चित्रफिती घरोघरी पोहोचल्या. त्यातली मिनिटभराची कोणतीही चित्रफीत आवाज बंद करून दाखवा. मग विचारा, हे कशामुळे झालं असेल? कारखान्याचं पाणी, शेवाळ, मातीतलं लोह, कोणीतरी रंग टाकला, अशी उत्तरं येतील. सगळी फळ्यावर घ्या. पुढचा प्रश्न महत्त्वाचा : तुम्हाला या पाण्याची एक बाटली भरून दिली, तर यातलं कोणतं कारण खरं हे ठरवायला काय कराल?

इथे टेबलावर पाण्याच्या दोन पारदर्शक बाटल्या ठेवा. एकीत खायचा लाल रंग घाला, दुसरीत विटेची बारीक पूड. दोन्ही हलवा आणि शांत ठेवून द्या. तास संपेपर्यंत पुडीच्या बाटलीत वरचा थर निवळायला लागलेला दिसतो, रंगाची बाटली तशीच राहते. दुसऱ्या दिवशी फरक आणखी स्पष्ट होतो. विरघळलेला रंग आणि पाण्यात तरंगणारे कण वेगळे ओळखायची ही साधी चाचणी आहे. लोणारच्या पाण्याचे नमुने वन विभागाने नागपूरच्या नीरी या पर्यावरण संशोधन संस्थेकडे आणि पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेकडे पाठवले होते. आघारकर संस्थेत असंच दिसलं : पाणी न हलवता ठेवल्यावर गुलाबी भाग तळाशी बसला आणि वरचं पाणी नितळ झालं. रंग पाण्याचा नव्हताच, तो पाण्यातल्या सूक्ष्मजीवांचा होता. हॅलोआर्किया नावाचे, खूप खारट पाण्यात वाढणारे हे जीव गुलाबी रंगद्रव्य तयार करतात. पाऊस कमी आणि ऊन जास्त झाल्याने पाणी आटलं, मुळातच खारट आणि आम्लारिधर्मी असलेलं पाणी आणखी खारट झालं आणि त्यांना अनुकूल परिस्थिती मिळाली.

वर्ग रंगलेला असेल तर आणखी एक पायरी वर चढा. सुमारे १.८ किलोमीटर व्यासाचं हे विवर अशनीच्या आघाताने झालं, हे प्रचंड दाबाखालीच तयार होणारी काच तिथल्या खडकात सापडल्याने पक्कं झालं. ते कधी झालं, यावर मात्र दोन वेगवेगळ्या पद्धतींनी दोन वेगळी उत्तरं आली आहेत : एक सुमारे ५२ हजार वर्षं, दुसरं सुमारे ५ लाख ७० हजार वर्षं. बहुतेक व्हिडिओ यातला एकच आकडा ठामपणे सांगतात. मुलांना दोन्ही सांगा. दोन प्रामाणिक मोजमापांत एवढा फरक का पडू शकतो, हा प्रश्न उत्तर न देता त्यांच्याकडे सोडला तरी चालेल.

लोणार मुलांना कळतं, पण गुरुत्वीय लहरींसारखा विषय शाळेत कसा घ्यायचा? तो तर आपल्यालाही अवघड जातो.

सगळं गणित बाजूला ठेवून एका आवाजापासून सुरुवात करा. १४ सप्टेंबर २०१५ रोजी अमेरिकेतल्या लायगो या गुरुत्वीय लहरी शोधणाऱ्या प्रकल्पाच्या दोन वेधशाळांनी पहिली गुरुत्वीय लहर टिपली. ती नोंद ध्वनीत रूपांतरित करून लायगोने खुली केली आहे. मूळ संकेत जेमतेम ०.२ सेकंदाचा आहे. खालच्या पट्टीतून झपकन वर जाणारा, शीळ घातल्यासारखा आवाज. मुलांना डोळे मिटायला सांगून दोन-तीनदा ऐकवा. मग विचारा, अवकाशात हवा नाही, तर हा आवाज आला कसा? ध्वनीच्या धड्यात शिकलेलं इथे कामाला येतं. उत्तर असं की हा आवाज अवकाशातून आलेला नाही. लहर आली ती अवकाशाच्याच ताणण्या-आकसण्याची, आणि यंत्राने नोंदलेला तिचा आलेख आपण कानांना ऐकू येईल असा वाजवला.

दुसरा थांबा : वेधशाळा दोन का? एक हॅनफर्डला, एक लिव्हिंग्स्टनला, मध्ये सुमारे तीन हजार किलोमीटर अंतर. ट्रक गेला, झाड पडलं तरी यंत्र हलतं. पण इतक्या दूरच्या दोन यंत्रांत तोच आकार, जवळजवळ त्याच क्षणी? दोन नोंदींमध्ये सुमारे ७ मिलिसेकंदांचा फरक होता. प्रकाशाचा वेग सेकंदाला तीन लाख किलोमीटर. तीन हजार किलोमीटरला किती वेळ लागेल? १० मिलिसेकंद, हे सातवीचं मूलही काढतं. ७ हे १० पेक्षा कमी आहे, म्हणजे प्रकाशाच्या वेगाने जाणारी लहर थोडी तिरपी आली असेल, तर हे जुळतं.

तिसरा थांबा मला स्वतःला सगळ्यात मोलाचा वाटतो. लहर सप्टेंबरमध्ये टिपली, जगाला सांगितली ११ फेब्रुवारी २०१६ ला. मधले पाच महिने ही माणसं काय करत होती? मुलांना अंदाज करू द्या. यंत्र बिघडलं नव्हतं ना, कोणी मुद्दाम खोटा संकेत तर घातला नाही ना, योगायोगाने असं घडण्याची शक्यता किती, हे सगळं ते तपासत होते. आपलंच उत्तर चुकीचं ठरवायचा पाच महिने कसून प्रयत्न करणं, हे विज्ञानाचं काम मुलांना दिसायला हवं.

यानंतर नकाशावर हिंगोली दाखवा. औंढा नागनाथजवळ लायगो-इंडियाची वेधशाळा व्हायची आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने एप्रिल २०२३ मध्ये तिला २,६०० कोटी रुपयांची मंजुरी दिली. मराठवाड्यातल्या मुलांचे चेहरे त्या क्षणी पाहण्यासारखे असतात.

व्हिडिओ किती मिनिटांचा असावा?

सहा मिनिटांचा आकडा सगळीकडे सांगितला जातो. तो २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या फिलिप ग्वो आणि सहकाऱ्यांच्या अभ्यासातून आला. एडएक्स या ऑनलाइन शिक्षण-मंचावरच्या अभ्यासक्रमांतल्या ६९ लाख व्हिडिओ-पाहण्यांच्या नोंदी त्यांनी तपासल्या आणि व्हिडिओ कितीही लांब असला, तरी लोक साधारण सहा मिनिटांच्या आतच टिकतात असं त्यांना दिसलं. ती माणसं घरी एकटी बसून शिकत होती. तुमच्या वर्गात तुम्ही उभे असता, म्हणून तो आकडा जसाच्या तसा लागू करू नका. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासिकेत पडद्यावर एकूण चार-पाच मिनिटं पुरतात. दहा मिनिटांच्या चांगल्या व्हिडिओतली हवी तेवढी दोन मिनिटं दाखवली, तरी काही बिघडत नाही. कुठून कुठपर्यंत दाखवायचं, ते मिनिट-सेकंदांसह वहीत आधी लिहून ठेवा.

चांगले व्हिडिओ इंग्रजीत असतात. मुलांना ते कळत नाहीत.

आवाज बंद करा आणि तुम्ही बोला. हे कामचलाऊ वाटेल, पण याचे दोन फायदे आहेत. बोलण्याचा वेग तुमच्या हातात राहतो, आणि शब्द मुलांच्या ओळखीचे येतात. मेळघाटात किंवा नंदुरबारमध्ये ज्या मुलांच्या घरी कोरकू किंवा पावरी बोलतात, त्यांना तर प्रमाण मराठीतला निवेदकही परकाच असतो. तिथे चित्र पडद्यावर आणि बोलणं शिक्षकाचं, हाच मार्ग बरा. पडद्यावरचं वाक्य आणि निवेदकाचं तेच वाक्य दोन्ही एकदम आलं, की मुलं धड ऐकत नाहीत आणि धड वाचत नाहीत, हेही लक्षात ठेवा.

मराठीतही चांगलं काम झालं आहे. पुण्यातल्या आयुका या खगोलशास्त्र संस्थेच्या मुक्तांगण विज्ञान शोधिकेत अरविंद गुप्ता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी टाकाऊ वस्तूंपासून खेळणी करण्याचे जे छोटे व्हिडिओ केले, त्यांतले कितीतरी मराठीत आहेत आणि ते फुकट पाहता येतात. एक स्ट्रॉ, दोन टाचण्या, एक जुनी सीडी एवढ्यावर वर्गात लगेच करून पाहता येतं, म्हणून मी त्यांना फार वर मानते. बालभारतीच्या पुस्तकातले क्यूआर कोड स्कॅन केले की दीक्षा या सरकारी शिक्षण-मंचावर जाता येतं. तिथला दर्जा कमी-जास्त आहे, आधी स्वतः पाहून मगच दाखवा.

रेंज नाही, प्रोजेक्टर बिघडलाय, कधी लाइटच नसते.

रेंज असलेल्या ठिकाणी व्हिडिओ अॅपमध्येच ऑफलाइन साठवून ठेवा. दीक्षावरही तशी सोय आहे. टीव्ही असेल आणि व्हिडिओ खुल्या परवान्याचा असेल, तर पेनड्राइव्ह पुरतो. एकच मोबाइल असेल, तर आठ-आठ मुलांचे गट करा. एक गट पाहतो, बाकीचे अंदाज लिहितात किंवा टेबलावरचा प्रयोग करतात, मग अदलाबदल. मोबाइल रिकाम्या स्टीलच्या भांड्यात उभा ठेवला की आवाज मागच्या बाकापर्यंत जातो. लाइट गेलीच, तर फळ्यावर अंदाज लिहिलेले असतातच. निकाल उद्या पाहू असं सांगा. मुलं घरी जाऊन त्यावर वाद घालतात, तेही बरंच आहे.

प्रयोगाचा व्हिडिओ दाखवला, तर प्रयोग करायची गरज राहते का?

राहते. टीव्हीवर भाकरी थापताना पाहून कोणाला भाकरी थापता येत नाही. लिंबात जांभळ्या कोबीचा रस टाकणं, भिंगाने कागदावर खिडकीची प्रतिमा घेणं, कांद्याची साल सूक्ष्मदर्शकाखाली पाहणं, हे व्हिडिओने दाखवणं म्हणजे मुलांच्या हातातला घास काढून घेणं आहे. व्हिडिओ तिथे वापरा, जिथे हात पोहोचत नाही : पाण्यात सोडियमचा मोठा तुकडा, पेशीविभाजन, ज्वालामुखी, आठवडाभराच्या अंकुरणाचं वीस सेकंदांत केलेलं चित्रण, किंवा फुटणाऱ्या फुग्यासारखं डोळ्याला न दिसणारं झपाट्याचं काही.

मुलं कोणताही व्हायरल व्हिडिओ आणून 'बाई, हे खरं आहे का?' विचारतात. काय सांगायचं?

खरं-खोटं सांगून मोकळे होऊ नका, तपासायला लावा. पहिला प्रश्न : हे प्रत्यक्ष चित्रण आहे की अॅनिमेशन? पर्सिव्हरन्स हे यान १८ फेब्रुवारी २०२१ ला मंगळावर उतरलं, त्याचं कॅमेऱ्याने टिपलेलं खरं चित्रण नासाने प्रसिद्ध केलं आहे. कृष्णविवराभोवती फिरणारा तेजस्वी वायू दाखवणाऱ्या बहुतेक चित्रफिती मात्र संगणकावर तयार केलेल्या असतात. १० एप्रिल २०१९ ला जाहीर झालेली एम ८७ दीर्घिकेतल्या कृष्णविवराची प्रतिमासुद्धा आठ रेडिओ दुर्बिणींच्या नोंदी जुळवून तयार केलेली आहे. अॅनिमेशन वाईट नाही. ते अॅनिमेशन आहे हे मुलांना ठाऊक हवं, एवढंच. आता कृत्रिम बुद्धिमत्तेने केलेले व्हिडिओ आल्यापासून हा प्रश्न रोजचा झाला आहे.

दुसरा प्रश्न : हे दुसऱ्या कोणाला करून दाखवता आलं का? जुलै २०२३ मध्ये दक्षिण कोरियातल्या एका गटाने एलके-९९ नावाचा पदार्थ खोलीच्या तापमानालाही अतिवाहक, म्हणजे विजेला अजिबात रोध न करणारा, असल्याचा दावा केला. सोबत चुंबकावर अर्धवट तरंगणाऱ्या काळ्या तुकड्याची चित्रफीत होती. ती जगभर फिरली. त्यांचा शोधनिबंध अजून तज्ज्ञांच्या तपासणीतून गेलेला नव्हता. काही आठवड्यांतच अनेक प्रयोगशाळांनी तो पदार्थ तयार करून तपासला. तो अतिवाहक नव्हता. विद्युतरोध एकाएकी कमी दिसत होता तो त्यात मिसळलेल्या कॉपर सल्फाइडमुळे, आणि अर्धवट तरंगणं साध्या चुंबकत्वानेही घडू शकत होतं. लायगोचे पाच महिने आणि हे काही आठवडे शेजारी शेजारी ठेवून शिकवा. डोळ्यांनी दिसलेली गोष्टसुद्धा पुरावा म्हणून अपुरी पडू शकते, हे यातून जितकं कळतं, तितकं व्याख्या पाठ करून कळत नाही.

कॉपीराइटचं काय?

शाळेत, शिक्षक आणि विद्यार्थ्यांपुरतं, शिकवण्याच्या ओघात दाखवायला कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम ५२ मध्ये सवलती आहेत. दुसऱ्याचा व्हिडिओ उतरवून शाळेच्या चॅनेलवर टाकणं त्यात बसत नाही, लिंक द्या. नासाची बरीचशी सामग्री शिक्षणासाठी मोकळी असते, आणि यूट्यूबवर क्रिएटिव्ह कॉमन्स या खुल्या परवान्याचे व्हिडिओ वेगळे शोधता येतात.

मुलांनाच व्हिडिओ करायला सांगितलं तर?

अवश्य सांगा, पण 'विज्ञानावर व्हिडिओ करून आणा' एवढं मोघम सांगू नका. नाहीतर घरी आई-वडील लिहून देतात आणि मूल पाठ म्हणतं. एकच प्रश्न द्या, दीड मिनिटाची मर्यादा घाला, आणि 'कशावरून?' याचं उत्तर दाखवलंच पाहिजे अशी अट ठेवा.

नववीला दुर्बिणी शिकवताना करता येईल असं एक काम सांगते. जुन्नर तालुक्यात नारायणगावजवळ खोडदला जीएमआरटी ही रेडिओ दुर्बीण आहे : ३० अँटेना, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर. १४ मध्यभागी आणि १६ इंग्रजी वाय अक्षरासारख्या तीन फाट्यांवर. दरवर्षी २८ फेब्रुवारीला, राष्ट्रीय विज्ञान दिनाच्या सुमारास, तिथे विज्ञान प्रदर्शन भरतं आणि गावोगावची मुलं येतात. तिथे मोबाइल बंद ठेवायला सांगतात. का, हाच मुलांच्या व्हिडिओचा विषय होऊ शकतो. अवकाशातून येणारे रेडिओ संकेत इतके क्षीण असतात, की जवळचा एक मोबाइल त्यांना बुडवून टाकतो. म्हणून चित्रण शाळेत परतल्यावर करायचं. मैदानावर खडूने तीन फाटे आखा, तीस ताटल्या मांडा आणि गच्चीवरून मोबाइल धरा. दुसऱ्या दृश्यात तुटक्या छत्रीच्या काड्यांना दोरा ताणून जाळी बांधा. एवढी मोठी अँटेना हलकी आणि स्वस्त कशी झाली, तर प्रा. गोविंद स्वरूप यांनी भरीव पत्र्याऐवजी ताणलेल्या तारांवर बारीक जाळी बसवली. रेडिओ लहरींची लांबी जाळीच्या छिद्रांपेक्षा बरीच मोठी असते, म्हणून जाळी त्यांना आरशासारखी परतवते आणि वारा मात्र आरपार जातो. छत्री हातात धरून हे सांगणारी मुलगी ते विसरत नाही.

मुलांचे चेहरे असलेले व्हिडिओ पालकांना विचारल्याशिवाय बाहेर टाकू नका. वर्गात लावून पाहणं पुरेसं आहे, आणि मुलांना तेच जास्त आवडतं.

पोर्शन संपत नाही, त्यात हे कसं बसवायचं?

प्रत्येक धड्याला नको. वर्षात सात-आठ तास असे घ्या, आणि जिथे मुलं हमखास अडतात तेच धडे निवडा : गती, ध्वनी, प्रकाश, गुरुत्वाकर्षण, पेशी. त्या धड्यांची पुन्हा पुन्हा करावी लागणारी उजळणी वाचते.

पालक म्हणतात, घरी मोबाइल आणि शाळेतही मोबाइल?

त्यांची काळजी रास्त आहे, ती उडवून लावू नका. एखाद्या पालकसभेत हातोडी आणि पिसाचा व्हिडिओ अंदाजांसकट त्यांच्यासमोर घ्या. रील सरकवत बसणं आणि हे, यांतला फरक सांगावा लागत नाही. घरच्या अभ्यासाला व्हिडिओची लिंक शक्यतो देऊ नका. त्याऐवजी वर्गात पाहिलेलं आजीला किंवा धाकट्या भावाला समजावून सांग आणि त्यांनी विचारलेला एक प्रश्न लिहून आण, असा अभ्यास द्या.

मुलांना खरंच समजलं का, हे कसं तपासायचं?

लगेच विचारू नका, आठवड्याने विचारा. लगेच विचारलं तर ताज्या आठवणीवर सगळेच उत्तर देतात. रोडिगर आणि कार्पिके यांच्या २००६ च्या प्रयोगात, तोच मजकूर पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांपेक्षा न बघता आठवून लिहिणाऱ्यांच्या लक्षात तो आठवड्याने जास्त राहिलेला दिसला. त्यामुळे व्हिडिओ दुसऱ्यांदा दाखवण्यापेक्षा, तो न दाखवता कोरा कागद द्या.

प्रश्नही बदला. 'लोणारचं पाणी कशामुळे गुलाबी झालं?' याऐवजी विचारा : 'तुमच्या गावच्या तळ्याचं पाणी अचानक हिरवं झालं. एक बाटली पाणी आणि दोन दिवस तुमच्याकडे आहेत. काय कराल?' एखाद्या उत्तरात हॅलोआर्किया शब्द आला नाही, पण 'बाटली हलवायची नाही, दुसऱ्या दिवशी तळ बघायचा, शेजारी साध्या पाण्याची बाटली ठेवायची' असं आलं, तर त्या मुलाला पूर्ण गुण द्या.